दहा सेकंद

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पीसी पाहिला जोडून.
गुरुवारच्या मालबोटीनं चार खोकी आली क्लाक्सविकला,
एकाचा कोपरा खाऱ्या पाण्यानं मऊ पडलेला.
सामनच्या कारखान्यात दिवसभर बर्फात हात,
संध्याकाळी बोटांना एवढाले स्क्रू कळेनात.
ते तुरिदनं बसवले. वय चौदा.
मी टॉर्च धरला,
आणि नीट धरत नाही म्हणून बोलणी खाल्ली.

पंखे फिरले. काळ्या पडद्यावर
एक पांढरी रेघ, पापणी मिटत-उघडत:
घर तयार आहे, राहणार कोण?

टेबलावर दोन पेनड्राइव्ह.
निळा माझा, विंडोजचा.
दुसऱ्याला तिनं पिवळी टेप गुंडाळलेली. लिनक्स.
फुकट ते पौष्टिक, मी म्हणालो.
"फुकट नाही, मोकळं. फरक आहे.
आणि तुझे ऐंशी टक्के खेळ चालतात त्यावर."
उरलेले वीस कुठले?
ती पंख्याकडे बघत राहिली.

उरलेल्या विसात माझा एकच खेळ.
त्याला पहारेकरी लागतो,
ठकबाजांना धरायला ठेवलेला,
पण तो दारात बसत नाही,
थेट चुलीपाशी बसतो,
कुठल्या भांड्यात काय शिजतंय ते हुंगत.

आमच्या गल्लीत कुलपं लावत नाहीत.
शेजारची मार्युन न विचारता आत येते,
ओट्यावर मासे ठेवून जाते. मी तसं म्हटलं.
"मार्युनचा चेहरा ओळखीचा आहे," तुरिद म्हणाली.
"ह्याचा तू पाहिलायस?"
नव्हता पाहिला.
उद्या ठरवू म्हणून झोपलो.
सकाळी पडद्यावर पेंग्विन.

खोटं कशाला बोलू, सगळं चाललं.
गाड्यांची शर्यत चालली, किल्ल्यांचा वेढा चालला,
ऐन लढाईत 'अपडेट करू का' म्हणून
कुणी मधे तडमडलं नाही.
असे सहा दिवस.

मग मंगळवार. रात्री नऊ.
मंगळवार होग्नीचा.
अकरा वर्षं एका बोटीवर होतो आम्ही.
आता तो एस्बियरला, पवनचक्क्यांच्या पात्यांवर.
फोनवर आमचं बोलणं चार शब्दांचं:
कसा आहेस. बरा. वारा? आहे.
पण त्या खेळात, एका पडक्या भिंतीआड,
बंदुकीत गोळ्या भरता भरता
त्यानं मला सांगितलं होतं
की इंगा घर सोडून गेली,
आणि लगेच म्हणाला, डावीकडे बघ, डावीकडे.

हेडफोन चढवले. पडद्यावर एकच ओळ:
या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही.
कारखान्याच्या शीतगृहाची किल्ली माझ्या खिशात असते,
पंचेचाळिसावं चालू आहे,
आणि हे असं.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
हेडफोन काढायचं मात्र सुचलं नाही,
नुसताच बसलो, कानांत काहीच नसताना.

दारात तुरिद, तोंडात टूथब्रश.
गेली. फेस थुंकल्याचा आवाज.
परत आली ती निळा पेनड्राइव्ह घेऊन.
"तीनशे जीबी. त्याहून एक तसू जास्त नाही.
आणि मधली भिंत मी घालणार."

आता यंत्र रोज विचारतं, कोण?
आणि दहापासून उलटं मोजतं.
काही दाबलं नाही तर पेंग्विन;
तो नियम अर्थात तिनं लिहिलेला.
मंगळवारी मी नऊला पाच कमी असताना
खालच्या बाणावर बोट ठेवून उभा राहतो,
किटलीनं कितीही शिट्टी घातली तरी.

काल शिट्टी फारच झाली.
आलो तर तीन, दोन, एक, गेलं.
पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा दहा.
होग्नी भिंतीआड एकटाच थांबलेला.
उशीर झाला, मी म्हणालो.
तो म्हणाला, वारा?
वारा, मी म्हणालो.