वजावट

मार्च संपत आला की
मोंढ्यात तुरीची आवक उतरते
आणि कागदांची चढते.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून मी बिलं काढतो,
तळहातानं टेबलावर सपाट करतो,
घडी मोडलेल्या रुमालासारखी.

मैनोद्दीनची सहा.
एकवीस वर्षं चाळणीवर उभा आहे तो,
पापण्यांवर दाळीची पूड,
ईदच्या नव्या कपड्यांतही ती तेवढी जुनी.
दिवाळीनंतर जिना चढताना मध्येच बसायला लागला
म्हणून लातूरला धाडला.
फोटो, रक्त, लघवी,
ओढायचं औषध, महिन्याला एक नळी.
उदगीर–लातूर एसटीची तिकिटंसुद्धा
टाचणी लावून आणली त्यानं,
जातानाचं वर, येतानाचं खाली.

तोष्णीवाल चष्मा कपाळावर चढवतात.
"हे पक्कं. हे पक्कं. ह्याच्यावर तारीख नाही.
आणि हे काय, बावीस हजार रोख?
दहाच्या वर एका दिवसात रोख गेलं
की ते खर्चात धरत नाहीत, चिल्लरगे.
चेक नव्हता?"
रात्री अडीच वाजता, मी म्हणालो,
त्याचे ओठ निळे पडले होते.
त्यांनी मान हलवली. माणूस वाईट नाही.
आकड्याभोवती लाल गोल केला,
हळू, पेन कागदाला टोचू नये असा.

"बाकीची कर्मचारी कल्याणात घालू."
त्याच खात्यात मिठाईचे पुडे,
जारचं पाणी,
खंडेनवमीला यंत्रापुढं फोडलेले नारळ.
नारळांच्या खालच्या ओळीत
मैनोद्दीनचा दम जाऊन बसला.

मग घसारा.
चाळणी, पट्टा, वजनकाटा,
दरसाल पंधरा टक्के, विचारायचंही काम नाही.
मी खिडकीतून चाळणीकडं बघत होतो.
तिच्याशेजारी एक स्टूल आहे,
आता तो मधून मधून त्याच्यावर टेकतो.

डब्याच्या तळाशी अजून एक बिल निघालं.
तेच दुकान, तीच नळी,
नाव माझं.
तोष्णीवालांनी ते दोन बोटांनी बाजूला सारलं.
"हे नाही चालत. मालक हा नोकर नसतो.
तुमचं दुखणं धंद्याचं नाही, घरचं.
उचल म्हणून टाकतो."
बरं, म्हणालो.
कॅबिनला काच मीच बसवलीय, सात वर्षं झाली.
सकाळी तिच्यावर बोट फिरवलं
तर आतल्या बाजूनंही पिवळं येतं.
हे त्यांना सांगून काय उपयोग,
कुठल्या रकान्यात लिहिणार ते.

दिवेलागणीला मैनोद्दीन दारात उभा.
"मालक, परवाच्या दोन हजारातले उरलेत."
एकशे चाळीस. एक नोट, दोन विसाच्या.
"सरकारी दुकानात सस्तं भेटलं.
तुमी बी तिथूनच घ्या की.
कामून उगं जास्तीचे देऊलालाव?
लई दिवसापासनं आयकूलालोय मी,
काचेतनं."

तो गेल्यावर नोटा हातात तशाच राहिल्या.
जमेला लिहाव्यात तर खातं कुठलं.
तोष्णीवालांना फोन लावला:
मैनोद्दीनच्या औषधातून एकशे चाळीस कमी करा.
ते हसले. "राहू द्या हो,
एवढ्यानं कराला काय फरक पडतो?"

करा, म्हणालो.
परत म्हणालो, कमी करा.
पुढचं बोलायच्या आत खोकला आला
आणि बाहेर चाळणी बंद होती,
त्यामुळं तो सगळ्या मिलला ऐकू गेला.