दम धरा

सकाळी साडेसहाला, बांबोळीच्या तळघरात,
बाईच्या जागी आधी पाणी निजतं.
पारदर्शक टाकी, काठोकाठ भरलेली.
तिच्यात मोजमापाची कुपी बुडवते, जाड दार ओढून घेते,
बाहेरून किरण सोडते.
पाणी कण्हत नाही. आकडे येतात, वहीत उतरतात,
मशीनवर विश्वास ठेवायची परवानगी मिळते
त्या दिवसापुरती.

माझा विषय सांगायला अर्धं मिनिट पुरतं.
डाव्या स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रियेनंतरचे किरण,
आणि त्यांच्या वाटेत नाहक उभं असलेलं हृदय.
श्वास पोटभर आत घेऊन वीस सेकंद धरला
तर फुप्फुस फुगतं, हृदय मागे सरकतं.
किती सरकतं, कुणाचं सरकतं,
नऊ वर्षं एवढंच विचारते आहे.
आमचे सर म्हणाले होते, फार लहान प्रश्न घेतलास.
लहानच आहे. दीड सेंटिमीटरचा.

ऊर भरून आला की काळीज कंठाशी येतं
असं आई म्हणायची.
माझ्या पडद्यावर ऊर भरला
की काळीज लांब जातं.
दोघींचंही मोजमाप बरोबर असावं.

माइकवरून आम्ही सांगतो, दम धरा.
केंकरेबाई, निवृत्त शिक्षिका, टेबलावरूनच म्हणाल्या,
आठ महिने दुसरं काय करतेय?

नोंद सत्तेचाळीस. मार्सेलिना कुलासो, चिखली,
वय बावन्न.
सरावाच्या पहिल्याच फेरीत बासष्ट सेकंद.
आलेखाची रेघ इतकी सपाट
की टेक्निशियन श्रीरंग खुर्चीतून उठला.
जन्मभर तिसऱ्यांसाठी बुड्या मारलेली बाई.
म्हणाली, "हांगा तर उदकूय ना."

पंधरापैकी नऊ वेळा आली.
दहाव्या दिवशी नाही. अकराव्याही.
आकडेशास्त्रवाले फोनवर म्हणाले, गाळून टाका,
एका नावाने निष्कर्ष हलत नाही.
तिसऱ्या दिवशी कुठ्ठाळीचा पूल ओलांडून आली
ती खांद्यावर टॉवेल टाकून, भांडायच्या तयारीत.
अमावास्येची मोठी सुकती, चार दिवसांची कमाई,
आणि तुम्ही वेळ दिलात अकराची!
मी दटावलं, खारं पाणी त्या कातडीला नको म्हटलं होतं ना.
बुडी सून मारते, मी काठावर निवडते, ती म्हणाली.
आणि मग, जरा मऊ होऊन,
"सुकती कोणाखातीर रावना, दोतोर."

त्या दिवसापासून भरती-ओहोटीचं पत्रक
वेळापत्रकाशेजारी चिकटवलं आहे.
तिचं पाणी ओसरायच्या आत तिला मोकळं करायचं
म्हणून टाकीचं पाणी साडेपाचला भरलं.
निबंध तपासणाऱ्यांनी विचारलं,
या रुग्णाच्या वेळा रोज वेगळ्या का?
मी लिहिलं: चंद्र.
मग खोडलं, आणि लिहिलं: स्थानिक कारणे.

हृदय वाचलं की नाही
ते पंधरा वर्षांनी कळतं, कधी वीस.
न झालेला आजार आलेखावर कसा काढायचा,
अजून मला नीट जमलेलं नाही.
तोवर मी या खुर्चीत नसेन.
फाइल कुठे ठेवली आहे ते श्रीरंगला दाखवलंय,
तो हो म्हणाला, लक्ष मोबाइलमध्ये होतं.

शेवटच्या दिवशी ती पिशवीभर तिसऱ्या ठेवून गेली.
पिशवी गळत होती,
उपकरणांच्या खोलीत खाडीचं पाणी.
मीच पुसलं, कुणाला सांगितलं नाही.

रात्री मिठाच्या पाण्यात घातल्या.
एकेक तोंड किंचित उघडत होतं,
वाळू टाकत होतं,
पुन्हा मिटत होतं.
मी घड्याळ न लावता
बघत बसले.