वाचून झाल्यावर परत ठेवा

पत्रकांची पेटी पुलाच्या कठड्याला तारेने बांधलेली.
पॉन्तवेलिनमध्ये जन्मले, छत्तीस वर्षं हाच पूल ओलांडला,
झाकण उघडलं ते आज,
मंगळवारी, कामाला सुट्टी म्हणून.

नऊ ठिकाणं. एक तास वीस मिनिटं. चढ फारसा नाही.
वाटाड्या नको, बाण पाहा आणि चाला.
एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला वेल्श,
आणि वेल्श बाजूच्या समासात
कुणाची तरी पेन्सिल आधीच चालून गेलेली.

क्रमांक एक, बंधारा. छापलंय : फार जुना.
पेन्सिल म्हणते : दगड जुने. वरची फळी
चौसष्टच्या पुरानंतर आम्ही चौघांनी बसवली.
वाकून पाहिलं. फळीवरून पाणी
इस्त्री केल्यासारखं उतरत होतं
आणि खाली पोचताच भांडायला लागत होतं.

पिठाच्या गिरणीत आता भाडेकरू राहतात.
जात्याची तळी दाराशी टेकवून ठेवलीय,
मधल्या भोकात सायकलची साखळी.
इथे पेन्सिलीने लिहिलं काहीच नाही,
एक हात काढलाय, पालथा,
त्यावर ठिपके.

मला कळायला वेळ लागला.
जात्याला टाकी लावणाऱ्याचा हात.
छिन्नीचं पोलाद उडतं, कातडीत रुततं, निळं होऊन राहतं.
नवा कारागीर दारात आला की मालक म्हणे,
बाह्या वर कर.
तेवढीच ओळख पुरे.

मी माझे हात पाहिले.
मीही पिठातलीच. दीड किलोच्या पिशव्या
फळीवर रचते, रात्रपाळीला.
कागदाने बोट कापतं, शनिवारपर्यंत भरून येतं.

पुढे लोकरीचं कापड कुटायची चक्की,
म्हणजे नेटल्स, आणि नेटल्समध्ये एक भिंत.
पेन्सिल : हातोडे रात्रंदिवस पडायचे.
बंद झाले त्या रात्री
सगळी गल्ली जागी होती.

मग क्रमांक सात.
कापड वाळवायचं मैदान, सध्या वाहनतळ.
हे तर आमचं दुकान!
पेन्सिल : पांढरं फ्लॅनेल, आकड्यांवर ताणलेलं, ओळीच्या ओळी.
वारा सुटला की मैदानच कुठेतरी निघालंय असं वाटे.
जिथे ट्रॉल्या अडकवतात, तिथे माझी आई उभी असे.

आणि सातच्या आकड्याला मधोमध
एक आडवी रेघ.

ती रेघ मी ओळखते.
दर गुरुवारी माल परत करायच्या चिठ्ठीवर यायची.
हेड्विन प्रॉसर. पिठाची पिशवी काउंटरवर ठेवून
चिमूट अंगठ्याखाली चोळायचे : मेलंय हे.
पैसे परत घ्यायचे, तीच पिशवी पुन्हा विकत घ्यायचे.
आम्ही आत जाऊन हसायचो. मी जरा जास्तच.
हिवाळ्यापासून आले नाहीत.
कुणी विचारलंही नाही.

आठ आणि नऊ मी पाहिलेच नाहीत.
पेन्सिलीचा बाण नकाशा सोडून
दुकानाच्या मागे वळत होता, माल उतरवायच्या धक्क्यापाशी,
जिथे आम्ही चहा पितो, थोटकं विझवतो
एका लोखंडी जाळीवर.

इथे कान लाव, एवढंच.

गुडघे टेकले. डिलिव्हरीवाला ग्रिफ पाहत होता, पाहू दे.
खाली, अंधारात, गिरणीचा पाट
अजून कामावर निघालेला.
कुठलंच चाक पुढे नाही, हे त्याला
कुणी कळवलेलं नाही.

पुलावर परत आले. एप्रनच्या खिशात
किमती लिहायचं पेन असतंच.
समासात थोडी जागा उरली होती. लिहिलं :

मार्चमध्ये वीज गेली, फ्रीजर गप्प झाले,
तेव्हा मलाही ऐकू आलं होतं.
मला वाटलं नळ गळतोय.
तासभर शोधत होते.
— नेस्ट, पिठाच्या रांगेतली