बादलीतला उजेड

पोर्वेनिरला वारा येत नाही,
तो असतोच. येतो तो माणूस.

नेलिदा बार्रियाची पहिली छत्री
वारं प्यालेल्या वासरासारखी
कुंपणं ओलांडत सामुद्रधुनीकडे गेली.
दुसरीच्या काड्या राहिल्या, कापड गेलं.
तिसरी मावशीनं घेतलीच नाही.

खानावळीतून मेयोनेजची बादली आणली, वीस लिटरची.
तीनदा घासली, आंबूस वास काही गेला नाही.
बुडाला फ्लॅशच्या मानेएवढं भोक,
कडेनं तापल्या सळीनं एकवीस बारकी भोकं.
"अडवलंस तर भांडतो," म्हणाली,
"वाट दिलीस तर नुसता कुरकुरतो."
तोंडावर न्हाणीघराचा पांढरा पडदा,
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.

स्टँड म्हणजे कुंपणाचा जुना खांब.
त्याला तीन पाय जोडून दिले
कुस्तोदियो मान्सियानं.
मेंढ्या कातरणाऱ्या टोळीतला सगळ्यात म्हातारा,
हंगाम संपला की वेल्डिंग करणारा.
पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, माझा फोटो शेवटी काढ.

पिकअपची बॅटरी, तिला इन्व्हर्टर,
दोन्ही मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली,
बाळंतिणीसारखी.
माझं काम खांबाला मिठी मारून उभं राहायचं.
वाळूची पोती होती की,
पण मी त्यांच्याहून जड
आणि सांगितलं तर सरकतो.

चौदा जण उभे राहून गेले,
कोपरापर्यंत लोकरीचं तेल.
दर झपकाऱ्यानंतर बॅटरी
जरा जास्त वेळ दम खायची.

कुस्तोदियोची पाळी आली आणि गारा सुरू झाल्या,
भर उन्हाळ्यात.
तो दर वेळी डोळे मिटायचा.
चाळीस वर्षं ठिणग्यांसमोर काढलेली पापणी,
ती त्याला विचारून थोडीच पडते.
एकदा. दोनदा.
पाचव्यांदा मावशीनं स्पॅनिशमध्ये नसलेली शिवी दिली.
सहाव्यांदा फ्लॅश उडालाच नाही,
इन्व्हर्टरनं नुसती शीळ घातली.

"झालं?" म्हणत त्यानं डोळे उघडले.
तिचं बोट कळीवरच होतं.
अर्धवट भरलेला उजेड
फिका, उशिरा,
त्याच्या तोंडावर पडला.

फोटोत ना खांब आहे, ना ट्यूब,
मी तर नाहीच. वाराही नाही, असं मला वाटलं.
मग तिनं त्याचा डावा डोळा मोठा करून दाखवला:
बुबुळात पांढरा गोल,
आणि गोलावर तिरपी, बाकदार काळी रेघ.

बादलीची कडी.
वाऱ्यानं उचलून पुढे आणलेली.

"काढायची राहिली," ती म्हणाली,
आणि फोटो तसाच ठेवला.