खो ऐकू आला पाहिजे

अजमानला लेकीकडे आले ती तीन महिन्यांच्या व्हिसावर.
पहिल्या पंधरवड्यातच कपाटं आवरून झाली,
आणि अठराव्या मजल्यावर मला करण्यासारखं काही उरलं नाही.
एकतीस वर्षं कुरुंदवाडच्या शाळेत शिट्टी वाजवलेली बाई मी,
लिफ्टपुढेसुद्धा लोकांना रांगेत उभं करायची.

खालच्या दुकानातल्या मोईदूनं सांगितलं,
गोदामांच्या मागं एक शाळा आहे,
शाळा म्हणजे दोन खोल्या आणि वाळूचं अंगण.
पोरं कुणाकुणाची, कागद कुणाचेच नाहीत.
खेळाला बाई हवी, पगार नाही.
म्हटलं, पगार घेऊन तरी कुठं श्रीमंत झाले.

फक्की मिळेना. मोईदूनं तारीख उलटलेला मैदा दिला.
एक खांब विजेचा,
दुसरा म्हणजे रंगाच्या डब्यात वाळू भरून रोवलेला पाइप,
मशिदीच्या बाजूला किंचित कललेला.
मैद्याच्या रेघांवर आधी कबुतरं उतरली.

आठ जणांना पाटीत बसवलं,
एकाचं तोंड खाडीकडं, दुसऱ्याचं गोदामाकडं.
रिजवाना, जेरिको, तिगिस्त, चितगावचे दोघे भाऊ,
आणि शेवटी सात वर्षांचा इदरीस,
जो पुढं बघेचना.
मागून कोण येतंय हे न बघता बसायचं
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
उलटंच शिकवलं होतं.

मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी आम्हा सगळ्यांचीच मोडकी.
नियम हातवाऱ्यांनी सांगितले.
पाठलाग करणाऱ्यानं मधली पाटी ओलांडायची नाही,
पळणाऱ्यानं हवी तेवढी ओलांडावी.
पळणाऱ्याला चालतं? रिजवानानं विचारलं.
तीनदा विचारलं.
चालतं गं बाई, चालतं.

अडचण वेगळीच निघाली.
पाठीला हात लागायचा, आवाज नाही.
खो म्हणा म्हटलं तर ओठ हलायचे नुसते.
मी शिट्टी मारायची, फाऊल!
खो ऐकू आला पाहिजे, नियम आहे!
दोन आठवडे फाऊलच फाऊल.
मग शाळा चालवणाऱ्या कमरजहाँनं मला बाजूला घेतलं.
म्हणाली, यांच्या घरी दार वाजलं की
आधी टीव्ही बंद होतो, मग पंखा, मग पोरं.

त्या रात्री लेकीच्या ओट्यावर भांडीसुद्धा मी जपून ठेवली.

नियम मात्र बदलला नाही.
शिट्टी खिशात घातली
आणि स्वतःच पाटीत बसले, बासष्ट वर्षांचे गुडघे मोडून,
भिंतीकडं तोंड करून.
इदरीस मागून आला, कळलं,
त्याची एकच चप्पल फटफट वाजायची.
हात लागला. मी उठले नाही.
पुन्हा लागला. मी ढिम्म.
जेरिको फिदीफिदी हसला, पळणारे पळायचे थांबले,
आणि मग माझ्या मानेवर असा एक खो बसला
की पत्र्यावरची कबुतरं उठली,
टायरवाल्या पठाणानं पाना खाली ठेवला,
आणि पोरगं स्वतःच्याच आवाजाला दचकून
तोंडावर हात घेऊन उभं.

कुणी आलं नाही.
कसलंच दार वाजलं नाही.
मी उठायची विसरले, फाऊल माझाच झाला.

मार्चात तिगिस्त यायची थांबली.
मी विचारलं नाही, कमरजहाँनं सांगितलं नाही.
तिच्या पाटीवर कुणी बसेना,
सातातच खेळलो.
सत्त्याऐंशीव्या दिवशी माझीही बॅग भरली.

आता कधीमधी फोनवर येतो
तीन सेकंदांचा निरोप.
आधी एसीच्या डब्यांची घरघर, मग खो.
चप्पल वाजत नाही त्यात,
बूट मिळाले असतील,
किंवा कुणी दुसरंच असेल.
मी हातातली भाजी खाली ठेवून उठते,
गुडघा कुरकुरतो.
उठलं की लगेच दिशा घ्यायची, नियम आहे.
मी अजून उभीच आहे.