दाब की पाझर

भाऊ आजव्याच्या लाइनीवर वॉल्व्हमन, चौतीस वर्षं.
रात्री दोनला, बडोदं निजलं की
सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला,
आणि मांडवीपासून वाडीपर्यंत
कुठे पाझरतंय ते जमिनीवरूनच सांगायचे.

यंदा त्यांचंच पोट भरत गेलं.
हातपाय काटक्या, बेंबी बाहेर,
पायजम्याची नाडी पुरेना.

जशोदाबेन जिन्यात हळूच म्हणाल्या, 'दमण.'
एवढंच.
या गावात दारूला बंदी,
संशय मात्र दारोदार मिळतो.

आत्याने पोथीतली गोष्ट काढली:
वरुणाला दिलेला शब्द राजाने पाळला नाही,
म्हणून जलोदर.
'तू काय कबूल केलं होतंस, दादा?'
'पाणी,' भाऊ म्हणाले. 'सगळ्यांना. वेळेवर.'

मी काहीच बोललो नाही.
मी त्यांच्या उशाचा तांब्या हुंगायचो.

सयाजी हॉस्पिटलात केयूरी डॉक्टरने
पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्याने वाजवलं.
कुशीवर वळवलं, पुन्हा वाजवलं.
बद्द आवाज घरंगळत खालच्या अंगाला गेला.
भाऊ कान देऊन ऐकत होते.
'सळई नाही वापरत?'

मग सुई. बाटलीत वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी.
'हे येतं कुठून?'
यकृत कडक झालं की रक्त तुंबतं, ती म्हणाली,
हृदय थकलं तरी तुंबतं,
कधी मूत्रपिंडातून प्रथिनं निसटतात,
कधी पोटाचं अस्तरच आजारी. क्षय, नाहीतर गाठ.
'रक्तातलं अल्ब्युमिन वजा या पाण्यातलं.
फरक मोठा असेल, तर मागून दाब.'
'आणि लहान?'
'मग भिंत.'

तीन पूर्णांक एक वजा अडीच.
रिपोर्टच्या पाठीवर भाऊंनीच वजाबाकी केली.
शून्य पूर्णांक सहा.
'दाब नाही. पाझर आहे,'
रात्रपाळीच्या वहीत नोंद करावी तसे म्हणाले.

पुढे दुर्बिणीतून दिसलं,
अस्तरभर राळ्याएवढे दाणे.
क्षय. सहा महिने गोळ्या.

परतताना रिक्षावाल्याला बजावलं,
'पेटनुं पाणी न हाले, हं भाई.'
आणि मला, समोरच बघत:
'तांब्यात वाळा टाकत जा.
हुंगायला बरं.'

दुसऱ्या सकाळी मोरीतून हाक.
धावलो. फरशीवर नारिंगी धार.
'गोळीचा रंग आहे,
गढूळ नाही.'
आणि दार लोटून घेतलं.