सील

दारव्ह्याच्या दुकानात एक काळा डबा होता,
बेचाळीस हजार, तीन वर्षांची वॉरंटी,
आणि मागच्या स्क्रूवर चिकटवलेली बोटभर पट्टी:
ही फाटली तर आम्ही तुमचे कोणी नाही.

बाबा ती पट्टी कितीतरी वेळ वाचत राहिले.
तीस वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय?
लाडखेडपर्यंतच्या विहिरींतून जळक्या मोटरी वर आल्या,
त्या त्यांनी उघडल्या,
काळं तांबं उपसलं, नवं भरलं,
वार्निश लावून उन्हात ठेवल्या.
म्हणून मला वाटलं, ते माझ्या बाजूचे.

मी यादी पुढे केली.
सुटे भाग, सीताबर्डीचे भाव, एकूण छत्तीस,
जोडणी घरी.
ते म्हणाले,
"तयारच घेऊ वं. आपन कायले जोडत बसाचं?"

आमच्या घरात तयार असं काही नव्हतं.
तीन पंखे मिळून एक पंखा,
कूलरला पिंपाचा पत्रा,
मिक्सर कुणीतरी परत न नेलेला,
माझी सायकलसुद्धा दोन गावांची.
त्यांना हवी होती
टेम्पोतून दारात उतरणारी,
खोक्यासकट, थर्माकोलच्या करकरीसकट
एक तरी वस्तू
जिच्या पोटात काय आहे हे त्यांना माहीत नसेल.
आणि बिघडलीच, तर फोन लावून
दुसऱ्या कुणाला तरी शिव्या देता येतील.
"लोक मले देतेत न," ते म्हणाले, "तीस वर्स झाले."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
सहा हजारांचा फरक होता
आणि तो फरक आमच्याकडे नव्हता.

तर भाग आले. एकदम नाही.
कॅबिनेट डिसेंबरात; आईने त्यात महिनाभर लसूण ठेवला.
मदरबोर्ड फेब्रुवारीत, एसटीत मांडीवर.
शेजारची बाई म्हणाली, कोनाचं लग्न हाये?
प्रोसेसर सगळ्यात शेवटी,
बिस्किटाहून लहान, बाकी सगळ्यांहून महाग.

एप्रिलमध्ये पहाटे चारला बसलो,
उन्हं चढली की हात ओले होतात.
मी म्हटलं, आधी लोखंडाला हात लावा,
अंगातली वीज जाऊ द्या.
त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला
आणि सवयीने तोच हात कपाळाला.

"हे ग्रीस हाये."
ग्रीस नाही बाबा, थर्मल पेस्ट.
"म्हंजे ग्रीसच."
मटाराच्या दाण्याएवढी लावायची.
"तुरीच्या," ते म्हणाले,
आणि तुरीएवढीच लावली.

बटण दाबलं.
पंखा फिरला. पडदा काळा.
वायरी काढल्या, घातल्या. पडदा काळा.
तयार आणला असता तर
हे मी बोलले नाही, बाबा बोलले नाहीत,
आई बोलली, चहा ठेवता ठेवता.

बाबांनी डब्याला कान लावला,
डोळे मिटले, जसे मोटरीपाशी मिटतात.
"फिरते, पन धरत नाही.
कुठीतरी काही बसलं नाही."
मग अंगठा फिरवत फिरवत
रॅमच्या पट्टीपाशी आले आणि दाबली.
कट्.
एवढाच आवाज.
आईच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला,
तिने पदर सारखा केला.

झाकण मी लावलं. स्क्रू त्यांनी पिळले.
मग काळी इन्सुलेशन टेप बोटभर कापून
एका स्क्रूवर चिकटवली, वर खडूने तारीख,
जशी प्रत्येक मोटरीवर टाकतात.
"हे फाटली का मले सांगजो."

आतापर्यंत दोनदा फाडली, न सांगता.
कापसाच्या दिवसांत आत
मांजराएवढी धूळ निघते.
दोन्ही वेळा सकाळी उठून पाहिलं
तर नवी पट्टी, नवी तारीख.
रात्री पाणी प्यायला उठले की
ते डब्यावर पालथा हात ठेवतात,
ताप पाहिल्यासारखा.

दारव्ह्याला गेलो की मात्र
अजूनही त्या दुकानापुढे थांबतात.
तो डबा कधीच विकला गेला, दुसरा आला आहे.
ते वाकतात, मागची पट्टी वाचतात,
दुकानदाराला भाव विचारतात,
आणि मी बाहेर, सायकल धरून उभी असते.